घेणेकऱ्यांची सभा

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनी कोणी यात्रेचे वर्णन करते, कोणी फराळाचे जिन्नस सांगते. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा मी म्हटले, "मी सातवी शिकलेली. मला भाषण कुठले येते?" त्या म्हणाल्या, "तुम्ही जी सभा पाहिलीत ती आमच्यांतल्या कोणी पाहिलेली नाही. तीच सांगा." ती सभा म्हणजे घेणेकऱ्यांची सभा. ज्यांचे पैसे आपल्याकडे येणे आहेत, असे सारे जण एका खोलीत बसतात आणि आपण त्यांच्यासमोर बसायचे. विषय काही मंगल नव्हे. पण घरात आजारपण आले तर डॉक्टराकडे कसे जावे हे आपण एकमेकींना सांगतो. मग घराचे दिवाळे निघाले तर काय होते, हे का सांगू नये?

दिवाळे हा शब्दच पाहा. पूर्वी व्यापारी बुडाला म्हणजे तो भर दिवसा पेढीवर दिवा लावून बसे, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. दिवा पाहिला की लोकांनी ओळखावे, याच्याकडे आता देण्यासारखे काही नाही. जुनी माणसे 'नादारी' म्हणत. शब्द कोणताही घ्या, ऐकताच आपण पदराआड तोंड लपवतो.

आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पावतीपुस्तके अशी कामे. २०२० साली फेब्रुवारीत यजमानांनी लग्नसराईसाठी कागद भरला. त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. लग्ने पुढे गेली, नंतर झाली ती पन्नास माणसांत आणि पत्रिका मोबाइलवर. बँकेचे हप्ते मार्च ते ऑगस्ट २०२० लांबवण्याची सवलत मिळाली खरी, पण त्या सहा महिन्यांचे व्याज चालूच राहिले. वर्षभर ओढाताण केली. हातउसने घेऊन व्याज भरले आणि व्याजासाठी पुन्हा हातउसने घेतले. शेवटी २०२१ साली एका वकिलांच्या सल्ल्याने यजमानांनी मुंबई उच्च न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला.

कायदा कोणता, हेही सांगते. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ सालचा कायदा आहे. बाकी मुलखासाठी १९२० सालचा, त्याचे काम जिल्हा न्यायालयात चालते. २०१६ साली नवी संहिता झाली, परंतु तिचा माणसांविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांना लागू झाला. आमच्यासारख्या किरकोळ धंदेवाल्याला जुनाच कायदा लागू पडला. अर्ज मंजूर होऊन हुकूम झाला की माणसाची मालमत्ता ऑफिशियल असायनी या सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. तो ती विकतो आणि घेणेकऱ्यांना वाटून देतो. हुकूम झाल्यावर कोर्टाच्या परवानगीवाचून कोणाला दावा लावता येत नाही. मात्र ज्याच्याकडे वस्तू तारण आहे त्याचा तारणावरचा हक्क शाबूत राहतो.

हुकूम झाल्यापासून तीस दिवसांत सगळ्या देण्याघेण्याची यादी प्रतिज्ञेवर द्यावी लागते. खरे काम ते. आम्ही दोघे रात्री जेवणे आटोपल्यावर वह्या घेऊन बसत असू. यजमान आकडे सांगत, मी लिहीत असे. बँकेचे मशीनवरचे सात लाख. कागदवाल्या शेटजींचे चार लाख. पतपेढीचे तीन लाख, त्याला धाकटे भावजी जामीन. हातउसने दिलेली सहा माणसे मिळून अडीच लाख. त्यांत शेजारच्या काकूंचे चाळीस हजार. शिवाय मशीनवरचे मामा आणि बाइंडिंगची ताई यांची थकलेली मजुरी साठ हजार. एकूण सतरा लाख दहा हजार. लग्नानंतर इतक्या वर्षांत घराचा पुरा आकडा मी त्या रात्री प्रथम पाहिला. भगिनींनो, तो पाहिल्यावर मला झोप लागली. आकडा ठाऊक नव्हता तेव्हा मात्र वर्षभर लागली नव्हती.

याच दिवसांत नातेवाईकांचे सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाले, "जे काही आहे ते वहिनींच्या नावावर करून टाका." दुसरे म्हणाले, "कागदाची रिमे आमच्या वखारीत आणून टाका, यादीत कशाला घालता?" माया होती, पण सल्ला खड्ड्यात घालणारा होता. वकीलसाहेबांनी समजावले की, मोबदला न घेता कोणाच्या नावे काही करून दिले आणि पुढे दोन वर्षांच्या आत दिवाळखोरीचा हुकूम झाला, तर असे करून दिलेले ऑफिशियल असायनीपुढे टिकत नाही. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एकाच आवडत्या घेणेकऱ्याचे मुद्दाम भागवले, तर तेही रद्द होऊ शकते. एखादी वस्तू बायकोकडे लपवली आहे असा संशय आला तर कोर्ट बायकोलाही बोलावून विचारू शकते. आम्ही रिमे मोजली. न फोडलेली अडतीस भरली. तेवढी यादीत लिहिली.

सभेची सूचना निदान सात दिवस आधी प्रत्येक घेणेकऱ्याला टपालाने जाते. सभेत अध्यक्ष ऑफिशियल असायनी किंवा त्यांनी नेमलेला माणूस असतो. ज्याने आपले येणे पुराव्यासह आधी दाखल केले असेल त्यालाच मत. स्वतः येता येत नसेल तर मुखत्यार पाठवता येतो. दिवाळखोराला बोलावले तर हजर राहावेच लागते. बायकोला यावे लागत नाही. यजमान म्हणाले, "तू येऊ नकोस, लोक काहीबाही बोलतील." मी म्हटले, "यादी माझ्या अक्षरातली आहे. कोणी विचारले तर तुम्हांला वाचता येणार नाही." खरे म्हणजे यांना एकटे पाठवायला माझे मन घेत नव्हते.

२०२२ सालच्या उन्हाळ्यातली ती सभा. मला वाटले होते कठडा असेल, काळा कोट घातलेले न्यायाधीश असतील. तसे काही नव्हते. लांब टेबल, लोखंडी खुर्च्या, वर फिरणारा पंखा आणि कपाटांत दोऱ्यांनी बांधलेली कागदांची गाठोडी. बँकेचा एक तरुण, पतपेढीचे व्यवस्थापक, शेटजी आणि त्यांचे मुनीम, हातउसने देणारे चौघे, मामा आणि ताई. काकू सगळ्यांत मागे बसल्या होत्या, हातात कापडी पिशवी. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, बोलल्या नाहीत.

साहेबांनी यादी वाचायला सुरुवात केली. बँकेने मशीन विकून पाच लाख वसूल केले होते, म्हणून बँकेचे दोनच लाख उरले. तारण ठेवून घेणाऱ्याला उरलेल्या रकमेपुरतेच मत असते. अशा रीतीने बिनतारणाची एकूण रक्कम बारा लाख दहा हजार ठरली. मग घरातल्या सामानाची यादी आली. १९०९ सालच्या कायद्यात हत्यारे, कपडे, अंथरुणे, स्वयंपाकाची भांडी मिळून तीनशे रुपयांपर्यंतचे सामान दिवाळखोराच्या कुटुंबाला सोडावे असे लिहिले आहे. आज तीनशेत कुकरसुद्धा येत नाही. साहेबांनी ताटे, वाट्या, गाद्या अशी ती यादी पाहिली, पान उलटले आणि पुढे गेले. त्याबद्दल मी त्यांची मनातल्या मनात ऋणी झाले.

तेवढ्यात शेटजी उठले. त्यांचा राग खोटा नव्हता. चार लाखांचा कागद त्यांनी विश्वासावर दिला होता. ते म्हणाले, "साहेब, भांडीकुंडी राहू द्या. बाईंच्या हातात चार बांगड्या आहेत, त्या यादीत का नाहीत?" सगळ्यांचे डोळे माझ्या हातांकडे वळले. यजमानांनी मान खाली घातली. काय करावे? हात पदराखाली घ्यावा असे क्षणभर वाटले. पण मी हात टेबलावरच ठेवला आणि म्हटले, "साहेब, या बांगड्या माझ्या आईवडिलांनी लग्नात घातल्या. सोनाराची पावती मी आणली आहे. छापखान्याच्या पैशातून केलेली कानातली मात्र यादीत नवव्या ओळीला लिहिली आहेत." साहेबांनी पावती पाहिली, नववी ओळ पाहिली आणि शेटजींना सांगितले, "हे बाईंचे स्त्रीधन आहे. नवऱ्याच्या देण्याला ते लागत नाही."

भगिनींनो, हे नीट ध्यानात ठेवा. स्त्रीधन ही बायकोची स्वतःची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितले आहे. नवऱ्याच्या कर्जाला बायको आपोआप बांधली जात नाही. ती बांधली जाते ती स्वतःच्या सहीने. साध्या जप्तीच्या कायद्यातसुद्धा, म्हणजे १९०८ सालच्या दिवाणी संहितेत, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना जप्त करता येत नाही. आपले मंगळसूत्र त्यातच आले. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. दारावर येणारा वसुलीवाला या गोष्टी आपल्याला सांगणार नाही.

शेटजी खाली बसले. मग त्यांनी मुनिमाला विचारले, "आपली रिमे किती शिल्लक दाखवली आहेत?" मुनीम म्हणाला, "अडतीस." शेटजी म्हणाले, "फेब्रुवारीतल्या मालातली अडतीस शिल्लक असतील असा माझाही हिशेब होता." त्यापुढे त्यांचा आवाज चढला नाही. ती रिमे आम्ही कोणाच्या वखारीत टाकली असती, तर सभेचे काय झाले असते, याचा विचार मी आजही करते.

आता तडजोडीविषयी. दिवाळखोराला घेणेकऱ्यांपुढे प्रस्ताव मांडता येतो की, रुपयामागे इतके आणे इतक्या मुदतीत देतो, बाकीचे सोडा. नवे पैसे येऊन किती वर्षे झाली, पण या कामात बोली अजून आण्यांचीच आहे. आम्ही रुपयाला चार आणे, तीन वर्षांत, असा प्रस्ताव ठेवला होता. तो मान्य होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पुरावा दिलेल्या घेणेकऱ्यांत डोकी मोजून बहुमत आणि रकमेत बारा आणे हिस्सा, म्हणजे तीन चतुर्थांश. आमची डोकी अकरा. रक्कम बारा लाख दहा हजार, तिचे तीन चतुर्थांश नऊ लाख साडेसात हजार. शेटजींचे चार लाख वगळले तर उरतात आठ लाख दहा हजार. म्हणजे दहा जण हो म्हणाले आणि एकटे शेटजी नाही म्हणाले, तर प्रस्ताव पडला. हे गणित मी आदल्या रात्रीच मांडून पाहिले होते.

शेटजी म्हणाले, "चार नाही. पाच आणे द्या." पाच आण्यांचे तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार होतात, महिना साडेदहा हजार. यजमानांना दुसऱ्या छापखान्यात नोकरी लागली होती. मी पोळीभाजीचे डबे सुरू केले होते. यांनी माझ्याकडे पाहिले. मी मनात डब्यांची संख्या मोजली आणि मान हलवली. पाच आण्यांवर हात वर झाले.

हात वर करण्यापूर्वी मागून काकूंनी विचारले, "साहेब, मला किती मिळतील?" साहेब म्हणाले, "बारा हजार पाचशे." काकूंनी पुन्हा विचारले, "चाळिसातले?" साहेब म्हणाले, "हो." काकूंनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, पुन्हा ठेवला आणि हात वर केला. शेटजींच्या रागाला मला उत्तर देता आले. काकूंच्या त्या वर झालेल्या हाताला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मजुरीचेही सांगितले पाहिजे. कायद्यात कामगाराला पुढचे स्थान आहे, पण १९०९ च्या मूळ कायद्यात ते चार महिन्यांच्या आतल्या पगारापैकी कारकुनाला तीनशे आणि मजुराला शंभर रुपयांपुरते. वरची रक्कम इतरांच्या रांगेत. मामांनी आमच्याकडे आयुष्यातली उमेदीची वर्षे घातली होती. पुढे कोर्टाने तडजोडीला मान्यता दिल्यावर, म्हणजे कोणाच्या मताशी त्याचा संबंध राहिला नाही तेव्हा, मी चारांतली एक बांगडी मोडली आणि मामांचे व ताईचे पाच आण्यांच्या वरचे सुमारे एकेचाळीस हजार त्यांना दिले. माझ्यावर ती सक्ती नव्हती. सक्ती नव्हती म्हणूनच देताना हात आखडला नाही. सभेत धाकाने काढून दिली असती तर ती बांगडी मला जन्मभर सलली असती.

मान्यता मिळाली की दिवाळखोरीचा हुकूम रद्द होतो. हप्ता चुकला तर तो पुन्हा होऊ शकतो. मधले महिने मोठे चमत्कारिक गेले. दिवाळखोराने आपली स्थिती न सांगता पन्नास रुपये किंवा अधिक उधार घेतले तर तो गुन्हा आहे. हे किराण्याच्या दुकानात गेले की आधी म्हणत, "मी दिवाळखोर आहे बरे का." वाणी हसून म्हणे, "ते राहू द्या, रोख द्या." त्या निमित्ताने आमच्या घरची उधारी बंद झाली, ती आजतागायत बंदच आहे.

एका गोष्टीची झळ मात्र घरातच लागली. तडजोड कर्जदाराची होते, जामीनदार त्यातून सुटत नाही. १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. पतपेढीने उरलेल्या अकरा आण्यांसाठी भावजींना पत्र धाडले. रक्कम दोन लाख सहा हजार दोनशे पन्नास. त्यांनी दुचाकी विकली, पगारातून हप्ते बांधून घेतले. जाऊबाई दोन दिवाळ्या आमच्याकडे आल्या नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या संसारातून आमचे देणे गेले. बचत गटात, पतपेढीत आपण एकमेकींना सहज जामीन राहतो. "नुसती सही तर करायची," असे म्हणतो. नुसती सही अशी नसते.

शेवटचा हप्ता २०२५ साली भरला. काकूंचे उरलेले साडेसत्तावीस हजार कायद्याने संपले आहेत. त्या मागायला येत नाहीत, येऊही शकत नाहीत. माझ्या स्वयंपाकघरातल्या वहीत मात्र ते लिहिलेले आहेत आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मी त्यांच्याकडे पाचशे रुपये पोचते करते. पहिल्या महिन्यात त्यांनी घेतले नाहीत. दुसऱ्या महिन्यात घेतले आणि चहा केला.

आता आपल्यासाठी चार गोष्टी. एक, घराला देणे किती आहे याची वही वर्षातून एकदा तरी नवऱ्याबरोबर बसून लिहा. भांडण होईल, होऊ द्या. दोन, माहेरच्या दागिन्यांच्या पावत्या आपल्या नावाने, आपल्या पेटीत ठेवा. तीन, न वाचता सही करू नका, मग कागद बँकेचा असो की जवळच्या नात्याचा. चार, नवऱ्याने विमा उतरवला तर तो १८७४ सालच्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली बायकामुलांच्या लाभासाठी उतरवता येतो. मग त्या पैशावर नवऱ्याच्या घेणेकऱ्यांचा हक्क चालत नाही. पॉलिसी घेतानाच तसे लिहून द्यावे लागते, नंतर नाही.

आणि कोणावर अशी सभा आलीच, तर तिने घरी बसू नये. त्या खोलीत शिव्याशाप नव्हते, अब्रूचा पंचनामा नव्हता. होती ती एक यादी. यादी खरी आहे की नाही, एवढेच तिथे पाहिले गेले. ज्यांचे पैसे बुडाले त्यांना तेवढे तरी पाहण्याचा हक्क आहे आणि आपल्याला तेवढे तरी देता येते.